स्टॅलिन कुणाच्या खात्यावर?

नास्तिकतेवरचा वाद कुठूनही सुरू झाला तरी थोड्याच वेळात तीन हुकूमशहांच्या नावांपाशी येऊन अडतो: सोव्हिएत रशियाचा स्टॅलिन, चीनचा माओ, कंबोडियाचा पोल पॉट. एका बाजूची धर्मयुद्धं, चेटकीण ठरवून जाळलेल्या बायका, पाखंडी म्हणून संपवलेले विद्वान ही यादी वाचून झालेली असते. मग दुसरी बाजू हा हुकमी पत्ता टाकते. देव न मानणाऱ्यांनी एका शतकात जेवढे मुडदे पाडले तेवढे सगळ्या धर्मन्यायालयांनी मिळूनही पाडले नाहीत, तेव्हा नीतीच्या गोष्टी तुम्ही सांगूच नका, असा एकंदर सूर. यावर नास्तिकांचं उत्तरही पाठ असतं: स्टॅलिनला मिशा होत्या, म्हणून काय सगळे मिशावाले खुनी? इथून पुढे नुसती आकड्यांची फेकाफेक. मेलेली माणसं दोन्ही बाजूंना गुण वाढवायला तेवढी उपयोगी पडतात.

मी देव मानत नाही. तरी यातला आरोप मला जितका चुकीचा वाटतो, तितकंच ते मिशांचं उत्तर उथळ वाटतं. आधी उत्तराचंच बघू, कारण ते आमच्या घरातलं आहे.

मिशांसाठी सोव्हिएत सरकारनं कधी संघटना काढली नव्हती. देव घालवण्यासाठी काढली होती. १९२५ साली निरीश्वरवाद्यांचा संघ स्थापन झाला आणि १९२९ मध्ये त्याच्या नावात ‘लढाऊ’ हे विशेषण आलं. येमेल्यान यारोस्लाव्स्की हा सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षातला वजनदार माणूस त्याचा प्रमुख. संघाचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं, शाखा होत्या, वर्गणी होती, आणि ऐन भरात पन्नास लाखांवर सभासद असल्याचा दावा होता. त्याच १९२९ च्या एप्रिलमध्ये एक कायदा आला. नोंदणी झालेल्या प्रार्थनागृहात उपासना करण्यापलीकडे धार्मिक मंडळांना त्यानं काही करूच दिलं नाही: सभासदांना आर्थिक मदत नाही, मुलांचे वर्ग नाहीत, वाचनालय नाही. डिसेंबर १९३१ मध्ये मॉस्कोतलं ख्रिस्त तारणहाराचं कॅथीड्रल सुरुंग लावून उडवलं. त्या जागी सोव्हिएत सत्तेचा महाप्रासाद उभा राहणार होता. तो काही झाला नाही, पुढे तिथं पोहण्याचा तलाव झाला.

पण इमारतींचं सोडा. मॉस्कोच्या दक्षिणेला बुतोवो नावाचं ठिकाण आहे. ऑगस्ट १९३७ ते ऑक्टोबर १९३८ या काळात तिथं २० हजारांहून जास्त लोकांना गोळ्या घालून खंदकांत पुरलं. त्यांतले नऊशेहून अधिक जण ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू, संन्यासी, संन्यासिनी किंवा चर्चशी बांधलेले साधे भाविक होते. सेराफिम चिचागोव हे त्यांपैकी एक. वय ८१. तरुणपणी तोफखान्यात अधिकारी होते, तुर्कस्तानविरुद्धच्या लढाईत उतरले होते, नंतर धर्मदीक्षा घेऊन वरच्या पदापर्यंत पोचले. पकडायला पोलीस आले तेव्हा ते इतके आजारी होते की कैद्यांच्या गाडीत चढणं शक्य नव्हतं. स्ट्रेचरवर घालून रुग्णवाहिकेतून नेलं आणि ११ डिसेंबर १९३७ रोजी गोळी घातली. ज्या गुप्त आदेशाखाली हे सगळं चाललं, त्या ००४४७ क्रमांकाच्या आदेशात कोणाकोणाला उचलायचं याचे प्रकार दिले होते. ‘चर्चवाले आणि पंथवाले’ असा त्यांत स्पष्ट उल्लेख होता.

अल्बानियानं तर आडपडदाच ठेवला नाही. १९६७ मध्ये एनव्हर होजाच्या राजवटीनं देशातल्या मशिदी आणि चर्च सरसकट बंद केली. १९७६ च्या राज्यघटनेच्या ३७ व्या कलमात राज्य कुठलाही धर्म मानत नाही आणि निरीश्वरवादाच्या प्रचाराला पाठबळ देतं, असं लिहून टाकलं. श्त्येफेन कुर्ती या कॅथलिक पाद्र्यानं एका बाळाचा गुपचूप बाप्तिस्मा केला, म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला मृत्युदंड झाला.

हे वाचूनही ‘नास्तिकतेचा काय संबंध?’ असं विचारायचं असेल तर मग चेटकीण म्हणून जाळलेल्या बाईशी धर्माचा काय संबंध, हेही विचारावं लागेल. संबंध आहे. देव नाही, हा एक निष्कर्ष आहे, त्यातून कुणाला मारा असं निघत नाही. पण लोकांच्या मनातला देव काढणं हे सरकारचं काम आहे आणि त्यासाठी दंडुका वापरायला हरकत नाही, हा एक कार्यक्रम आहे. तो कार्यक्रम नास्तिकांमध्ये जन्माला आला, नास्तिकांनी राबवला, आणि बाहेरच्या कित्येक नास्तिकांनी त्याकडे कौतुकानं पाहिलं किंवा मान फिरवली. याबद्दल काखा वर करणं मला जमत नाही.

एवढं मान्य केल्यावर आरोपाकडे वळू.

आरोप असा की सर्वंकष, म्हणजे समाजाचं सगळं जगणं मुठीत ठेवणाऱ्या राजवटींनी जे केलं ते त्या देवाला मानत नव्हत्या म्हणून केलं. असं असेल तर देवाशी जुळवून घेतल्यावर त्या राजवटींचा हात थोडा तरी आखडायला हवा. स्टॅलिननं हा प्रयोग जणू आपल्यासाठी करूनच ठेवलाय. ४ सप्टेंबर १९४३ च्या रात्री त्यानं ऑर्थोडॉक्स चर्चच्या तीन मेट्रोपॉलिटनांना, म्हणजे वरिष्ठ बिशपांना, क्रेमलिनमध्ये बोलावून घेतलं. युद्ध चालू होतं, लोकांचं मनोबल हवं होतं, मित्रराष्ट्रांच्या डोळ्यांतही बरं दिसायला हवं होतं. चार दिवसांत चर्चची परिषद भरली आणि कित्येक वर्षं रिकामं असलेलं पॅट्रिआर्कचं, म्हणजे चर्चच्या प्रमुखाचं, पद भरलं गेलं. ज्या माणसाच्या सहीनं पाद्री मारले गेले, तोच आता चर्चचा आश्रयदाता झाला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २३ फेब्रुवारी १९४४ रोजी, सगळेच्या सगळे चेचेन आणि इंगुश लोक मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात पाठवले गेले. जवळजवळ पाच लाख माणसं. मे महिन्यात क्रिमियातल्या तातारांची पाळी आली. आणि मार्च १९४६ मध्ये ल्विव शहरात एक धर्मसभा भरवून युक्रेनचं ग्रीक-कॅथलिक चर्च जबरदस्तीनं रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विलीन करण्यात आलं. निरीश्वरवादी सरकारनं एका चर्चची मालमत्ता उचलून दुसऱ्या चर्चच्या ओटीत घातली! धर्माचं धोरण पार उलटलं तरी दहशतीच्या यंत्रणेत काही फरक पडला नाही. मग ती यंत्रणा देवाच्या नसण्यावर चालत होती असं कसं म्हणायचं?

मारले गेले त्यांच्याकडेही बघायला हवं. पक्षाच्या १९३४ च्या सतराव्या अधिवेशनाला १,९६६ प्रतिनिधी होते, त्यांतल्या १,१०८ जणांना पुढे अटक झाली. हा आकडा १९५६ मध्ये खुद्द ख्रुश्चेवनं, स्टॅलिननंतरच्या पक्षप्रमुखानं, दिला. हे सगळे कट्टर निरीश्वरवादी, काहींची हयात धर्माविरुद्ध बोलण्यात गेलेली. क्रांतीचे जुने नेतेही सुटले नाहीत: बुखारिनला १९३८ मध्ये गोळी घातली, ट्रॉट्स्कीला १९४० मध्ये मेक्सिकोत जाऊन मारलं. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव जगभरातून बियाणं गोळा करत होते. आनुवंशिकीबद्दलचं त्यांचं मत कृषितज्ज्ञ लिसेंकोच्या पक्षमान्य शास्त्राशी जुळेना. १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात उपासमारीनं त्यांचा अंत झाला. एस्पेरान्तो ही कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषा शिकणारे लोकही या काळात वेचून मारले गेले, त्यांच्या संघटनेचा प्रमुख एर्नेस्त द्रेझेन त्यांत होता. (एस्पेरान्तोवाल्यांकडून कोणत्या राज्याला धोका असेल, हे मला आजवर कळलेलं नाही.) पाद्री, शास्त्रज्ञ, जुने क्रांतिकारक, भाषाप्रेमी यांत समान काय शोधायचं तर एवढंच, की त्यांचं दुसऱ्या कुणाशी तरी असं नातं होतं जे पक्षातून गेलेलं नव्हतं.

त्या राजवटींना ते नातं सोसत नसे. चर्च डोळ्यांत खुपायचं ते यासाठीही. दर रविवारी तिथं माणसं आपण होऊन जमत आणि व्यासपीठावरून कोण काय बोलणार हे पक्ष ठरवत नसे. जानेवारी १९३७ च्या जनगणनेत धर्माचा प्रश्न घालण्यात आला होता. वीस वर्षांच्या प्रचारानंतर आणि उत्तराचे परिणाम काय होतील हे माहीत असूनही सोळा वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांनी ‘मी श्रद्धाळू आहे’ असं सांगितलं. दुष्काळात मेलेल्यांमुळे एकूण लोकसंख्याही अपेक्षेपेक्षा कमी भरली. सरकारनं जनगणनाच रद्द केली आणि ती घेणाऱ्या अधिकाऱ्यांना तुरुंगात घातलं, काहींना गोळ्या घातल्या. मोजणारे मेले ते कुठल्या श्रद्धेपायी मेले नाहीत, खरं मोजल्यामुळे मेले.

आता तोच न्याय दुसरीकडे लावून बघा. मे १९३९ च्या जनगणनेत जर्मनीतल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतःला प्रॉटेस्टंट किंवा कॅथलिक म्हणून नोंदवलं. जर्मन सैनिकाच्या पट्ट्याच्या बकलवर ‘देव आमच्या पाठीशी’ असं कोरलेलं असे. मुक्तचिंतकांची, म्हणजे धर्म न मानणाऱ्यांची, मोठी संघटना नाझींनी सत्तेवर येताच १९३३ मध्ये मोडून काढली, तिचे अध्यक्ष माक्स झीव्हर्स यांचा जानेवारी १९४४ मध्ये शिरच्छेद केला. शेजारच्या स्लोव्हाकियाचा राष्ट्राध्यक्ष योझेफ तिसो हा तर कॅथलिक पाद्रीच होता, आणि १९४२ मध्ये त्याच्या सरकारनं सुमारे ५८ हजार ज्यूंना स्वतःहून नाझींच्या हवाली केलं. एवढ्या भांडवलावर ‘ख्रिस्ती लोकांनी ज्यूंचा नरसंहार केला’ हे वाक्य सहज उभं करता येतं. पण ते उभं करणाऱ्याला दाखाऊच्या छळछावणीत डांबलेले अडीच हजारांहून जास्त धर्मगुरू दिसत नाहीत, आणि नाझींना विरोध करून ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी गेलेला पाद्री डीट्रिश बोनहोफर दिसत नाही. सुक्याबरोबर ओलंही जाळायचं म्हटलं की असंच होतं. ज्यांनी विरोध केला तेच आधी हिशेबातून गळतात.

नास्तिकांच्या बाबतीत अगदी हेच घडतं. बोल्शेविकांवर, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांवर, ज्यांनी पहिली सडकून टीका केली त्यांत देव न मानणारे पुष्कळ होते. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल १९२० मध्ये रशियात जाऊन लेनिनना भेटून आले आणि त्याच वर्षी त्यांनी या राजवटीविरुद्ध लिहिलं. अराज्यवादी कार्यकर्त्या एम्मा गोल्डमन यांना अमेरिकेनं १९१९ च्या अखेरीस हाकलून रशियाला पाठवलं होतं. क्रोनश्टाटच्या नाविक तळावरच्या खलाशांचं बंड १९२१ मध्ये चिरडलेलं पाहिल्यावर त्या तिथूनही बाहेर पडल्या आणि जन्मभर त्याविषयी बोलत राहिल्या. मानवेंद्रनाथ रॉय हे १९२० च्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट अधिवेशनात लेनिनशी वसाहतींच्या प्रश्नावर वाद घालणारे. १९२९ मध्ये त्यांची तिथून हकालपट्टी झाली, आणि पुढे व्यक्तीच्या स्वातंत्र्याला केंद्रस्थानी मानणारा विचार त्यांनी मांडला. यांतल्या कुणालाही हुकूमशाहीला विरोध करण्यासाठी आधी देवाकडे परतावं लागलं नाही.

सामूहिक दोषाचा प्रश्न जर्मनीत १९४५ च्या उन्हाळ्यात फार उघडपणे उभा राहिला. बेल्सेन छावणीतल्या प्रेतांची छायाचित्रं आणि खाली ‘हा तुमचा दोष आहे’ अशी भित्तिपत्रकं गावोगाव लागली. त्या हिवाळ्यात हायडेलबर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी यावर व्याख्यानं दिली. पत्नी ज्यू असल्यामुळे नाझींनी १९३७ मध्ये त्यांची प्राध्यापकी काढून घेतली होती, तेव्हा जर्मनांना सहज सोडून देण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. त्यांनी दोषाच्या चार पातळ्या केल्या. गुन्ह्याचा दोष ज्यानं गुन्हा केला त्याचा, तो न्यायालयानं ठरवायचा. राजकीय उत्तरदायित्व सगळ्या नागरिकांचं, कारण राज्य त्यांच्या नावानं चालतं. नैतिक दोष ज्याचा त्यानं स्वतःच्या मनाशी तपासायचा. आणि चौथा, डोळ्यांदेखत माणसं मारली जात असताना आपण जिवंत राहिलो याचा दोष, ज्याचा निवाडा कुठलंच न्यायालय करू शकत नाही. अख्ख्या समूहाला नैतिकदृष्ट्या दोषी ठरवता येत नाही, हे त्यांनी आग्रहानं सांगितलं.

ही फोड इथं लावून पाहिली तर बरंच काही सुटतं. पक्ष, गुप्त पोलीस, लढाऊ निरीश्वरवाद्यांचा संघ यांना दप्तर होतं, सभासद होते, ठराव होते. त्यांचा हिशेब नावानिशी मांडता येतो. सोव्हिएत नागरिकांवर राजकीय उत्तरदायित्वाचा काही भार टाकायचा का, यावर वाद घालता येईल, कारण मत देण्याचा खरा अधिकारच नसलेल्यांवर तो कितपत येतो हा प्रश्नच आहे. पण देव न मानणाऱ्यांचं राज्य नाही, घटना नाही, प्रवेश नाही आणि हकालपट्टीही नाही. त्यांच्या वतीनं कुणी ठराव करू शकत नाही. ज्या समूहातून एखाद्याला काढून टाकण्याची सोयच नाही, त्याला त्या एखाद्याच्या कृत्याबद्दल धरायचं कसं?

शिवाय अख्ख्या समूहाला धरण्याची ही पद्धत खुद्द त्या राजवटींची होती, हे आरोप करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. नोव्हेंबर १९१८ मध्ये चेका या सोव्हिएत गुप्त पोलीस दलाचा अधिकारी मार्टिन लात्सिस यानं आपल्या लोकांना लेखी मार्गदर्शन केलं. आरोपीनं सोव्हिएत सत्तेविरुद्ध काही केलं की नाही याचा पुरावा शोधत बसू नका, तो कोणत्या वर्गातला, कुठल्या कुळातला, शिक्षण काय, धंदा काय, हे विचारा, त्यावरच त्याचं भवितव्य ठरवा, असा त्याचा मथितार्थ. स्टॅलिननं डिसेंबर १९३५ मध्ये एका सभेत ‘मुलगा बापाबद्दल जबाबदार नसतो’ असं सुनावलं आणि लोक हरखून गेले. ऑगस्ट १९३७ मध्ये ००४८६ क्रमांकाचा आदेश निघाला. ‘देशद्रोह्यां’च्या बायकांना छावणीत पाठवायचं, आणि पंधरा वर्षांवरची मुलं धोकादायक वाटली तर त्यांनाही. चेचेन म्हणून जन्माला आलेलं तान्हं बाळही १९४४ च्या मालगाडीत बसवलं गेलं ते याच हिशेबानं. ‘स्टॅलिन नास्तिक, तू नास्तिक, म्हणून तू उत्तर दे’ असं म्हणणाऱ्याच्या हातात बंदूक नसते, हा फरक फार मोठा आहे, मान्य. पण प्रश्न विचारण्याची रीत लात्सिसचीच आहे.

राहिला एक आक्षेप, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. देवाचा धाक नसला की लगाम राहत नाही. धाकाबद्दल मला शंका आहे, तिसोला तो पुरला नाही. पण लगाम कुठे लागला, हे पाहायला हवं. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी मतिमंद आणि मनोरुग्ण माणसांना मारण्याच्या नाझी मोहिमेवर भर चर्चमध्ये प्रवचन दिलं. त्याच्या नकला देशभर फिरल्या. तीन आठवड्यांत हिटलरनं ती मोहीम अधिकृतपणे थांबवली. तोवर ७० हजारांहून जास्त जीव गेले होते आणि पुढे चोरून हत्या चालूच राहिल्या, तरीही हे घडलं. नास्तिकांनी हे प्रवचन नजरेआड करू नये. त्यामागे श्रद्धा होती, हे उघडच आहे. पण ते ऐकू गेलं आणि बिशपांना हात लावायची सरकारची छाती झाली नाही, कारण त्यांच्यामागे सरकारनं न उभारलेली एक संस्था आणि तिच्यावर विसंबणारी माणसं होती. तेच काम स्वतंत्र न्यायालय करू शकतं, कामगार संघटना करू शकते, वर्तमानपत्र करू शकतं. सर्वंकष सत्ता या सगळ्यांना एकाच झपाट्यात संपवते. ज्याला चर्च नको आहे त्यानं निदान बाकीच्यांसाठी तरी झगडायला हवं. आणि चर्च पाडलं जात असेल तेव्हा त्याच्यासाठीसुद्धा.

इथंच आम्हा नास्तिकांची खरी परीक्षा आहे, आणि तिच्यासाठी १९३७ सालात जायची गरज नाही. एखाद्या बाँबस्फोटानंतर अमुक धर्माच्या सगळ्यांनी खुलासा करावा असं म्हणणारे आमच्यातही कमी नाहीत. मिशांचा विनोद करणारे लोकच तेव्हा पुढे असतात. आणि चीनचा कम्युनिस्ट पक्ष, ज्याच्या सभासदाला धर्म पाळायला मनाई आहे, त्यानं २०१७ पासून शिनजियांगमध्ये लाखो उइगुर मुसलमानांना छावण्यांत कोंडलं. बाहेर फुटलेल्या सरकारी नोंदींत माणसाला आत टाकण्याची कारणं दिली आहेत: दाढी ठेवली, बायकोनं बुरखा घेतला, पासपोर्टसाठी अर्ज केला. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं या प्रकारात मानवतेविरुद्धचे गुन्हे घडलेले असू शकतात असा अहवाल दिला. यावर नास्तिक म्हणवणाऱ्यांनी बोलायला हवं, तेही स्टॅलिनचं पाप फेडायला म्हणून नाही. दाढीसाठी माणूस डांबणं हे आपल्या मताच्या नावानं चाललंय, म्हणून त्याबद्दल बोलण्याचं काम आपल्याकडे आधी येतं.

त्या अहवालावर निदान चर्चा तरी करावी, असा ठराव ६ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेपुढे आला. १७ विरुद्ध १९ मतांनी तो पडला, ११ देश तटस्थ राहिले. चर्चा नको म्हणणाऱ्यांत चीनबरोबर पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार आणि संयुक्त अरब अमिराती होते. देव मानणारे एका बाजूला आणि न मानणारे दुसऱ्या बाजूला, असा या मतदानाचा तक्ता कुणी मांडून दाखवावा.